नैराश्य: पुस्तकात सिद्धांत पाच, घरी गेल्यावर आधी काय करायचं?

कोरेगावकर:

सातारा जिल्ह्यातल्या आशा गटप्रवर्तक आणि सीएचओ (उपकेंद्रातले समुदाय आरोग्य अधिकारी) यांच्यासाठी नैराश्यावर प्रशिक्षण आखतेय. दुपारचे तीन तास हाताशी आहेत. लक्षणं सगळ्यांना पाठ आहेत: दोन आठवडे सतत उदास वाटणं किंवा कशातच जीव न रमणं, जोडीला झोप, भूक, थकवा, अपराधीपणा वगैरे धरून नवातली पाच. पीएचक्यू-९ (नैराश्य मोजायची नऊ प्रश्नांची प्रश्नावली) भरून घेणंही जमतं. घोडं पेंड खातं ते त्यानंतर. "हिला हे कशानं झालं?" असं घरच्यांनी विचारलं की "मेंदूतलं केमिकल कमी झालंय" नाहीतर "टेन्शन घेऊ नका" ही दोनच उत्तरं निघतात.

नैराश्य का येतं याचे फ्रॉइड, लेविन्सन, सेलिगमन, बेक, ब्राउन-हॅरिस यांचे पाच सिद्धांत पुस्तकात आहेत, त्यांपैकी शिकवायचं काय आणि गाळायचं काय? दुसरं, वर्तन सक्रियतेचे उपाय (बिहेवियरल ॲक्टिव्हेशन, म्हणजे छोटी कामं ठरवून करत मन उचलणं) सोपे म्हणतात, पण आमच्याकडच्या बायका पहाटे पाचपासून राबतात. त्यांना आणखी कसली ॲक्टिव्हिटी द्यायची? आणि "सेरोटोनिनची थिअरी खोटी ठरली, गोळ्या बंद करा" असा मेसेज व्हॉट्सॲपवर फिरतोय, त्याला उत्तर काय?

कृष्णाकाठ (क्लिनिकल सायकॉलॉजी, मिरज):

पाचही शिकवू नका. ज्या स्पष्टीकरणातून "मग करायचं काय" हे निघतं तेवढंच घ्या. फ्रॉइड खुशाल गाळा. गमावलेल्या माणसावरचा राग स्वतःवर उलटतो, ही त्याची १९१७ची मांडणी वाचायला छान आहे, पण आशाताईच्या हाती त्यातून काही लागत नाही.

लेविन्सनपासून सुरू करा. १९७०च्या दशकातलं त्याचं म्हणणं असं: आपण काही करतो, त्याचं काहीतरी बरं फळ परत येतं, म्हणून आपण ते करत राहतो. जोडीदार गेला, नोकरी सुटली, गुडघे धरले, की फळ येणं आटतं. मग करणं कमी होतं, आणि करणं कमी झालं की उरलंसुरलं फळही जातं. घरचे सुरुवातीला काळजीनं भोवती जमतात, नंतर कंटाळतात, तीही सोबत सुटते. फळ्यावर हे चक्र काढलं की पाच मिनिटांत कळतं, आणि ते कुठं तोडायचं तेही दिसतं. मनःस्थितीला थेट हात घालता येत नाही. "उद्या सकाळी साडेसातला काय करणार" याला येतो.

सेलिगमनचा प्रयोग सांगणार असाल तर अर्धा सांगू नका. १९६७ साली त्यानं आणि मायरनं कुत्र्यांना शॉक दिले. काहींना तो थांबवता येत होता, काहींना काही केल्या येत नव्हता. पुढं नुसतं अडसरावरून पलीकडे उडी मारली की सुटका होती, तरी दुसऱ्या गटातली बहुतेक कुत्री पडून राहिली. सगळे इथंच थांबतात. १९६८चा पुढचा भाग जास्त कामाचा आहे: त्या कुत्र्यांना पट्ट्यानं ओढून पुन्हा पुन्हा पलीकडे न्यावं लागलं, तेव्हा कुठं ती स्वतःहून जाऊ लागली. नुसत्या हाका मारून भागलं नव्हतं. आणि "लाचारी शिकली जाते" हा मूळ निष्कर्षच २०१६ साली मायर-सेलिगमन यांनी फिरवला. लांबलेल्या त्रासात गप्प पडून राहणं हा मेंदूचा मूळचाच प्रतिसाद असतो. शिकावं लागतं ते "माझ्या करण्यानं फरक पडतो" हे. नातेवाइकांच्या "हिंमत धर" या उपदेशाचं काय होतं, ते यातून आपोआप समजतं.

आता वर्तन सक्रियतेची प्रत्यक्ष पद्धत. भेटी सहा ते आठ, प्रत्येक तीस-चाळीस मिनिटांची. हा आकडा गोव्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांमधल्या चाचणीचा आहे. २०१७ साली ती 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आली. तिथं मानसशास्त्राची पदवी नसलेल्या, प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक समुपदेशकांनी मध्यम-तीव्र ते तीव्र नैराश्य असलेल्यांवर हे केलं, आणि नेहमीच्या उपचारांपेक्षा फरक जास्त पडला. म्हणजे तुमच्या सीएचओंना हे झेपेल.

पहिल्या भेटीत चक्र समजावून आठवड्याचा तक्ता द्यायचा: वेळ, काय केलं, मन ० ते १० मध्ये किती. आठवड्यानं तो वाचायचा. समजा, तासगावकडचा पन्नाशीचा द्राक्ष बागायतदार आहे, हंगाम तोट्यात गेल्यापासून अंथरूण सोडत नाही. तक्ता असा येतो: सकाळी ६ ते ९ पडून मोबाइल, २. सोसायटीचा फोन आला, उचलला नाही, १. सकाळी ११ला बागेच्या बांधापर्यंत जाऊन माघारी, ३. चारला शेजारच्या पोराला फवारणीचं प्रमाण काढून दिलं, ५. रात्री १ ते ३ कर्जाचा हिशोब डोक्यात, १. अख्ख्या पानावर पाच एकदाच आलाय आणि तो त्याचं ज्ञान कुणाच्या उपयोगी पडलं तिथं आलाय. पहिलं काम तिथूनच निवडा: बुधवारी आणि शनिवारी चार वाजता त्याच पोरासोबत, अर्धा तास. "बागेत जायला सुरुवात करा" असलं मोघम काही सांगू नका.

तक्त्यावर टाळाटाळही शोधा. न उचललेला फोन तेवढ्यापुरतं बरं वाटायला लावतो, म्हणून पुढचा फोनही उचलला जात नाही, आणि व्याज वाढतं. हे टाळणं नैराश्याला सगळ्यात जास्त पोसतं. ते फोडायचं ते तुकड्यांत: आज फक्त थकबाकीचा कागद काढून टेबलावर ठेवायचा. उद्या मुलाला सोबत घेऊन वाचायचा. परवा सचिवांना फोन.

बिघडतं कुठं? काम मोठं दिलं जातं. "रोज तासभर चाला" हे पहिल्याच दिवशी मोडतं, आणि मोडलं की "बघा, मला एवढंही जमत नाही" याला पुरावा मिळतो. चप्पल घालून कोपऱ्यापर्यंत, दहा मिनिटं, एवढंच द्या. नंतर "जमेल तेव्हा" असं ठरतं. वेळ, जागा आणि सोबत कोण, हे तिन्ही लिहिल्याशिवाय उठू नका. काही जण नुसती करमणूक देतात: टीव्ही बघा, गाणी ऐका. काहीतरी पार पाडल्याचं समाधान देणारं एक कामही हवं, नाहीतर मन जागचं हलत नाही. आणि सगळ्यात नेहमीची चूक म्हणजे पुढच्या भेटीत तक्ता न बघणं. पहिली दहा मिनिटं त्याचीच. झालं नसेल तर "का केलं नाही?" म्हणायचं नाही, "आडवं काय आलं?" असं विचारायचं. इच्छा झाल्यावर करू, असं पेशंट म्हणणारच. आधी करणं, इच्छा मागून येते, हे दर भेटीत सांगावं लागतं.

माणदेशी (वैद्यकीय सामाजिक कार्य):

राबणाऱ्या बायकांचा मुद्दा कोरेगावकर मॅडमनी बरोबर पकडलाय, आणि बरेच प्रशिक्षक इथंच तोंडघशी पडतात. लेविन्सनच्या मांडणीत कामाच्या ढिगाला किंमत नाही, केल्याचं परत काय येतं याला आहे. दोन म्हशींचं दूध रोज सकाळ-संध्याकाळ डेअरीला घालायचं आणि बिल सासऱ्यांच्या खात्यावर जमा व्हायचं, तर चौदा तास राबूनही फळ शून्यच. अशा बाईच्या तक्त्यात काम वाढवायचं नसतं. एक काम उतरवायचं आणि एखाद्या कामाचं फळ तिच्या हातात येईल असं करायचं. डेअरीचं खातं तिच्या नावावर होईल का, संध्याकाळची धार नवऱ्यानं काढायची ठरेल का, बचत गटाच्या मीटिंगचा तास मोकळा मिळेल का. हे तिच्या एकटीच्या हातात नसतं, म्हणून तिसरी भेट घरच्यांसोबत घ्या. आणि त्या भेटीत तिची बाजू मांडायला तिलाच पुढं करू नका, तुम्ही मांडा. बोलल्याची किंमत तिला नंतर घरात मोजावी लागते.

ब्राउन-हॅरिस मात्र गाळू नका. लंडनच्या कॅम्बरवेलमधल्या बायकांवरचं त्यांचं काम १९७८ साली आलं. मोठं संकट किंवा दीर्घ अडचण आली तरी सगळ्याच बाया आजारी पडल्या नाहीत. धोका वाढवणाऱ्या चार गोष्टी निघाल्या: मन मोकळं करता येईल असं जवळचं माणूस नसणं, घरात तीन किंवा जास्त लहान मुलं, बाहेर कामधंदा नसणं आणि अकराव्या वर्षाआधी आई गेलेली असणं. पाटण-जावळीच्या खोऱ्यात नवरा मुंबईला माथाडीत आणि सून गावी सासू-सासऱ्यांजवळ, अशी घरं किती आहेत ते तुम्हाला सांगायला नको. पहिली गोष्ट तिथं घरबसल्या लागू होते. त्यामुळं गृहभेटीत एक प्रश्न ठरलेलाच ठेवा: "मनातलं कुणाला सांगता?" उत्तर "कुणालाच नाही" आलं, तर तक्त्यातलं पहिलं काम तेच. आठवड्यातून दोनदा, ठरलेल्या वेळी, बहिणीला किंवा मैत्रिणीला फोन.

इथंच आंतरव्यक्ती उपचारांचा (आयपीटी) धागा येतो. क्लेरमन आणि वाइसमन यांनी बसवलेली ही पद्धत, साधारण १२ ते १६ बैठकांची. चारांपैकी एक विषय निवडायचा आणि त्याच्यावरच राहायचं: मृत्यूचं दुःख, जवळच्या नात्यातला वाद, आयुष्यातली भूमिका बदलणं, किंवा माणसं जोडणंच न जमणं. भूमिका बदलणं साताऱ्याला फार लागू पडतं. आपशिंगे मिलिटरीसारख्या गावात सैन्यातून निवृत्त होऊन आलेला माणूस घ्या. चाळिशीच्या आसपासचं वय, काल हाताखाली माणसं होती, आज भावकीत बांधावरून वाद. त्याला "आता निवांत राहा" म्हणणं म्हणजे जखमेवर मीठ. जुनी भूमिका गेल्याचं दुःख आधी नाव घेऊन बोलायचं, तिच्यात चांगलं-वाईट काय होतं ते दोन्ही काढायचं, मग नव्या भूमिकेला काय शिकावं लागेल ते.

बाळंतिणीचं विसरू नका. दवाखान्यात बाळंतपण झालं की आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२व्या दिवशी घरी जातेच. १४व्या आणि ४२व्या दिवशी बाळंतपणानंतरचं नैराश्य ओळखणाऱ्या एडिनबरा प्रश्नावलीचे दहा प्रश्न विचारून घ्या. अडचण अशी की पहिलटकरीण माहेरी असते, म्हणजे दुसऱ्याच आशाताईच्या हद्दीत. दोघींमध्ये फोन झाला नाही तर ती निसटते.

वेण्णाकाठ (मनोविकारतज्ज्ञ):

मेसेजबद्दल आधी. २०२२ साली लंडनच्या संशोधकांनी जुन्या आढाव्यांचा एकत्र आढावा घेतला. "सेरोटोनिन (मेंदूतलं एक रसायन) कमी झालं म्हणून नैराश्य येतं" याला सुसंगत पुरावा सापडला नाही. तेव्हा "केमिकल कमी झालंय" हे उत्तर तुम्हीही बंद करा. पण गोळी कशानं लागू पडते आणि गोळी लागू पडते का, हे दोन वेगळे प्रश्न. दुसऱ्याचं उत्तर २०१८च्या 'लॅन्सेट'मधल्या विश्लेषणात आहे: ५२२ चाचण्या, २१ औषधं, सगळी खोट्या गोळीपेक्षा सरस. सरासरी फरक बेताचा, आजार तीव्र असेल तर गोळ्यांचं महत्त्व जास्त.

पाठवायचं कधी? पीएचक्यू-९ मध्ये १० ते १४ गुण असतील तर वर सांगितलेली कामं सुरू करा आणि दोन आठवड्यांनी पुन्हा मोजा. १५ किंवा जास्त असतील तर डॉक्टर. गुण कितीही असोत, थेट डॉक्टर कधी: खाणं-पिणं सोडलंय, कानात आवाज येतात, "माझ्या पापानं घर बुडालं" असं ठाम वाटतं, बाळंतिणीचं वागणं अचानक विचित्र झालंय. शिवाय एक प्रश्न प्रत्येकाला: आजवर कधी सलग चार-पाच दिवस झोप कमी होऊनही अंगात नेहमीपेक्षा जास्त जोर, बडबड, पैसे उधळणं असं झालं होतं का? "हो" आलं तर चिठ्ठीवर ठळक लिहून पाठवा. द्विध्रुवी आजारात (कधी नैराश्य, कधी उन्माद) नुसती नैराश्याची गोळी माणसाला उन्मादात ढकलू शकते. थायरॉइड आणि हिमोग्लोबिन तपासलेलं असलं तर फेरा वाचतो.

गोळीचं वेळापत्रक तुमच्या लोकांना कळायलाच हवं, कारण सोडण्याचा दिवस त्यांच्याच समोर येतो. सहसा एस्सिटालोप्राम ५ मिलिग्रॅमनं सुरू करून आठवड्यानं १०, किंवा सर्ट्रालीन २५ वरून ५०. डोस डॉक्टरच ठरवतील. मळमळ, जुलाब, अस्वस्थता पहिल्या आठवड्यात येते. बरं वाटायला दोन ते चार आठवडे लागतात. लागू पडली की नाही हे सहा आठवड्यांनी ठरवायचं. म्हणजे त्रास आधी, गुण नंतर, आणि दहाव्या दिवशी गोळी उकिरड्यावर. म्हणून पहिला फोन पाचव्या-सहाव्या दिवशी करा, महिन्यानं नको. पूर्ण बरं वाटल्यावरही किमान सहा महिने चालू ठेवायची. आजार वरचेवर उलटत असेल तर जास्त. एकदम बंद केली की चक्कर, झिणझिण्या, चिडचिड होते, त्यालाच लोक "सवय लागली" म्हणतात. हळूहळू कमी केली की हे बहुतेक टळतं.

खरी सवय लागते ती अल्प्राझोलाम, क्लोनाझेपामची. पहिल्याच रात्री झोप येते, म्हणून पेशंटला तीच "चांगली गोळी" वाटते. नैराश्य तिनं बरं होत नाही. दोन-चार आठवड्यांपलीकडे ती चालली असेल तर विचारा, पण परस्पर बंद करायला सांगू नका, झटके येऊ शकतात.

नैराश्याच्या गोळीवर लक्ष ठेवायच्या जागा तीन. २५ वर्षांखालच्यांत पहिले काही आठवडे आत्महत्येचे विचार वाढू शकतात. म्हाताऱ्या माणसांत रक्तातलं सोडियम उतरून गोंधळल्यासारखं होतं, तोल जातो. आणि गुडघेदुखीसाठी डायक्लोफेनॅक रोज घेणाऱ्यांत पोटात रक्तस्राव व्हायचा धोका वाढतो. तिसरी गोष्ट कुणी सांगत नाही, गावात मात्र घरोघरी दिसते.

शॉक ट्रीटमेंटला लोक घाबरतात. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यानं भूल आणि स्नायू सैल करणारं औषध दिल्याशिवाय ती द्यायला बंदी आहे. अन्नपाणी सोडलेल्या माणसात तिच्याइतकं लवकर काही लागू पडत नाही.

कोरेगावकर:

फार उपयोगी. दोन गोष्टी राहिल्या. पीएचक्यू-९ चा नववा प्रश्न, मरणाच्या विचारांचा, बऱ्याच जणी विचारतच नाहीत, "नको ते डोक्यात घालायचं कशाला" म्हणून थेट शून्य लिहितात. आणि बेकचं काय करू?

वेण्णाकाठ:

विचारल्यानं विचार रुजत नाही, उलट माणूस सुटकेचा श्वास टाकतो. शब्द पाठ करून घ्या, पायरीपायरीनं: "एवढा त्रास होतो तेव्हा जीव नकोसा होतो का?" "जिवाचं काही बरंवाईट करून घ्यावं असं मनात येतं का?" "कसं करायचं ते ठरवलंय का? ते घरात आहे का?" "पूर्वी कधी केलं होतं का?" नववा प्रश्न शून्य नसेल तर एकूण गुण न बघता हे चारही विचारायचे. बेत ठरलेला असेल तर त्या माणसाला एकटं सोडायचं नाही, त्याच दिवशी दवाखाना. साताऱ्यात क्रांतिसिंह नाना पाटील सामान्य रुग्णालय, सांगलीकडच्यांना मिरजेचं मेडिकल कॉलेज. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ चोवीस तास चालतो, मराठीत बोलतात.

तणनाशक आणि कीटकनाशकाचे डबे आजच्या आज घरातून हलवायचे. कुलूपबंद पेटी, किल्ली दुसऱ्याकडे, किंवा सरळ दुसऱ्याच्या घरी. तीव्र ऊर्मी बऱ्याचदा थोड्या वेळात ओसरते, तेवढा वेळ विष हाताशी नसणं यानं जीव वाचतो. कुणी घेतलंच तर उलटी करायला लावू नका, मिठाचं पाणी पाजू नका, १०८ ला फोन आणि डबा लेबलसकट सोबत. पोलीस केसच्या भीतीनं घरचे लपवतात. त्यांना सांगा की २०१७च्या कायद्याच्या कलम ११५ नुसार, उलट सिद्ध झालं नाही तर, असा माणूस तीव्र तणावाखाली होता असंच धरलं जातं, शिक्षेचा प्रश्न येत नाही.

कृष्णाकाठ:

बेक चौथ्या भेटीनंतर. स्वतः, भोवतालचं जग आणि भविष्य या तिन्हींबद्दल काळाच चष्मा, हे त्रिकूट पाच मिनिटांत सांगून होतं. मराठीत कि. मो. फडके यांच्यामुळं अमेरिकी मानसशास्त्रज्ञ एलिसची मांडणीही अनेकांच्या कानावर आहे: घटना, तिच्याबद्दलचा समज, मग परिणाम. पण कच्च्या हातात हे वादावादी होऊन बसतं. पेशंट म्हणतो "मी घराला भार झालोय", कार्यकर्ती म्हणते "असं काही नाही हो", संपलं. त्याऐवजी विचारा: "भार झालोय असं गेल्या आठवड्यात कधी वाटलं? तेव्हा काय घडलं? हेच तुमच्या भावाच्या बाबतीत घडलं असतं तर त्याला काय म्हणाला असता?" उत्तर त्याच्याच तोंडून यायला हवं.

आणि खरा असलेला विचार खोडायला जाऊ नका. "कर्ज यंदा फिटत नाही" हे खरंच असू शकतं. तिथं विचार बदलायचा नाही, अडचण सोडवायला बसायचं: एक अडचण नेमकी लिहायची, सुचतील तेवढे मार्ग काढायचे, एक निवडून पहिली पायरी ठरवायची. १९९६ साली जेकबसनच्या गटानं बेकच्या पद्धतीचे भाग सुटे करून तपासले, तेव्हा नुसत्या वर्तनाच्या भागानंही पूर्ण पद्धतीइतकाच गुण आला. तीन तासांत विचारांवर वीस मिनिटं दिलीत तरी पुष्कळ.

कोरेगावकर:

ज्यांना लिहिता येत नाही त्यांच्या तक्त्याचं काय? आणि भरलेले कागद ठेवायचे कुठं?

माणदेशी:

लिहिता येत नसेल तर दिवसाचे चार भाग करा: पहाट, दुपार, दिवेलागण, रात्र. प्रत्येकासमोर हसरा, मधला, रडका असे तीन चेहरे, त्यातल्या एकावर खूण. काय केलं ते भेटीत तोंडी विचारून तुम्हीच लिहा. शाळकरी मुलाकडून भरून घेऊ नका. पोरगं आईचा रडका चेहरा रोज बघतं, आणि त्याच्यासमोर ती खरी खूण करतही नाही.

कागदाचं जास्त महत्त्वाचं. आशाताई त्याच गावची, बऱ्याचदा भावकीतली. तिच्या डायरीत नाव आणि गुण सापडले की संध्याकाळपर्यंत पारावर पोचतात. कागदावर फक्त क्रमांक टाका, क्रमांक-नावाची यादी सीएचओकडे उपकेंद्रात कुलपात. गृहभेटीला "बीपी-शुगरची तपासणी" म्हणून जा, आणि बीपी खरंच तपासा.